ख्रू प्रयोंग आणि आधीच परत आलेला चेंडू

आमच्याकडे थायलंडात शाळेत शिकवणाऱ्याला ख्रू म्हणतात आणि विद्यापीठात शिकवणाऱ्याला आचान. पहिला शब्द गुरूवरून आला, दुसरा आचार्यांवरून. काम तेच, फळा तोच, पण ख्रूला लोक बाजारात अडवून पोराच्या खोकल्यावर औषध विचारतात आणि आचान दिसले की मोटरसायकलवरून खाली उतरतात. प्रयोंग छत्तीस वर्षं ख्रू होते. मून नदीपलीकडच्या तालुक्याच्या शाळेत त्यांनी पदार्थविज्ञान शिकवलं आणि साठाव्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हा गावातला खाटीक, विहारातले भिक्खू, पोस्टमन आणि खुद्द त्यांची बायको लमाई, सगळे त्यांना ख्रूच म्हणत होते. निरोपाच्या दिवशी शाळेनं त्यांचाच एक मोठा रंगीत फोटो चौकटीत बसवून दिला. लमाईनं तो घरात लावू दिला नाही. "एक हाय तेवढा बास," ती म्हणाली.

पुढची हकीकत प्रयोंग स्वतःच सांगत फिरतात, आणि दर खेपेला स्वतःला आणखी थोडं मूर्ख ठरवून. तेव्हा इथं जे कमीजास्त होईल त्याचा दोष त्यांच्याकडेच.

अठराव्या वर्षी हेच प्रयोंग बँकॉकला इंजिनिअरिंग शिकायला गेले होते. गावातून गेलेला पहिला पोरगा, म्हणून निघताना मनगटाला आशीर्वादाचे इतके पांढरे दोरे बांधले होते की सदऱ्याची बाही खाली येईना. आणि पोरगा दीड महिन्यात परत आला. वडिलांचा रेडा आजारी पडला, शेतात कुणी नव्हतं, असं कारण होतं. बेचाळीस वर्षं सांगून सांगून ते कारण इतकं गुळगुळीत झालं होतं की पुढं पुढं प्रयोंगना त्या रेड्याची खरोखर दया यायची. मग जवळच्याच अध्यापक विद्यालयात नाव घातलं आणि ख्रू झाले. वाईट काही झालं नाही. फक्त आचान हा शब्द कानावर पडला की पोटात काहीतरी दुखायचं, आणि ते गॅसेसचं आहे असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

निवृत्तीला आठ महिने झाले तेव्हा वोराचेतचा फोन आला. वोराचेत त्यांचा जुना विद्यार्थी. शाळेत असताना यानं प्रयोगशाळेतला तराजू बेडकाचं वजन करायला वापरला होता, आता शहरातल्या विद्यापीठात इंजिनिअरिंगचा उपअधिष्ठाता होता.

"ख्रू, एक मदत हवी होती," तो म्हणाला. "खेड्यांतल्या शाळांतून पोरं येतात. हुशार असतात. पण पहिल्या दोन महिन्यांतच गटांगळ्या खातात आणि वर्षाखेरीला रिटायर होतात."

आमच्याकडे मार्क कमी पडून विद्यापीठातून नाव कमी झालं की त्याला पोरं रिटायर होणं म्हणतात. साठाव्या वर्षी सन्मानानं होते ती निवृत्ती, अठराव्या वर्षी रडत होतं ते रिटायर.

"सत्र सुरू व्हायच्या आधी जून महिन्यात चार आठवडे पायाभरणीचा वर्ग घ्यायचाय," वोराचेत म्हणाला. "शाळेतलं पक्कं करायचं आणि इथलं थोडं दाखवायचं. तुम्हीच पाहिजे. आम्हाला शिकवलंत तसंच शिकवा, दुसरं काही नको."

या सगळ्या बोलण्यातला एकच शब्द प्रयोंगच्या डोक्यात शिरला. विद्यापीठ.

दुसऱ्याच दिवशी ते पाट्या रंगवणाऱ्याकडे गेले. काळ्या लाकडावर सोनेरी अक्षरं, टेबलावर ठेवायची पाटी: आचान प्रयोंग. पाटीवाला त्यांच्याच हाताखालून गेलेला. त्यानं कागद दोनदा वाचला. "ख्रू, हे आचान तुमचे कोण? भाऊ का?" त्यानं विचारलं. प्रयोंगनी फक्त खाकरून दाखवलं. मग नवी पँट शिवली. मग बोलणं. आमच्या घरच्या बोलीत र फारसा कुणी उच्चारत नाही, बँकॉकची शुद्ध भाषा बोलणारा मात्र तो जिभेवर चांगला घोळवतो. शाळेत प्रयोंग छत्तीस वर्षं घरच्या बोलीतच शिकवत होते. आता न्हाणीघरात सकाळी अर्धा तास र चा सराव सुरू झाला. तिसऱ्या दिवशी लमाईनं बाहेरून दार ठोठावलं.

"पाण्याची मोटर बिघडली का ओ?"

वर्गाचा पहिला दिवस उजाडला. साठ मुलंमुली, नवे पांढरे सदरे, घड्या तशाच. प्रयोंग हळूहळू पावलं टाकत आत आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत पहिल्या बाकावरची एक मुलगी ताडकन उभी राहून खणखणीत आवाजात ओरडली, "सगळ्यांनी वंदन करा!" आणि साठच्या साठ पोरं उभी राहून हात जोडून शाळेच्या चालीत गाऊ लागली, "नमस्काऽऽर, ख्रूऽऽ!"

विद्यापीठात असं कुणी करत नाही. बाहेरून जाणारी वरच्या वर्गातली मुलं खिडकीशी थांबून हसू लागली. मुलगी लालबुंद झाली. तिचं नाव फाय, म्हणजे कापूस. गावच्या शाळेत सहा वर्षं वर्गप्रमुख होती, शिक्षक आत आले की हे वाक्य तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडायचं.

शाळेत असते तर प्रयोंग पोटभर हसले असते आणि म्हणाले असते, बसा रे माकडांनो. पण टेबलावर पाटी होती. त्यांनी र घोळवत भाषण केलं. "इथं सगळं वेगळं आहे. तुम्ही आता शाळकरी पोरं नाही. हा शाळेचा वर्ग नाही. आणि मी ख्रू नाही, आचान आहे. शाळेतल्या सवयी शाळेतच सोडून या. यापुढं ज्याच्या तोंडून ख्रू निघेल त्यानं फळ्यावर येऊन एक गणित सोडवायचं."

ही शिक्षा सुचली म्हणून ते स्वतःवरच खूश झाले. एका दगडात दोन पक्षी. भाषाही सुधारेल आणि गणितही.

दुसऱ्या दिवशी चेंडू आला. सरळ वर फेकलेला चेंडू, सेकंदाला एकोणीस पूर्णांक सहा मीटर वेगानं, किती वेळानं हातात परत येईल? हे गणित प्रयोंगनी आयुष्यात हजार वेळा तरी शिकवलं असेल. वरची दिशा धन धरायची. पृथ्वी खाली ओढते, म्हणून तिच्या ओढीला उणे चिन्ह द्यायचं. झोपेतून उठवून विचारलं तरी त्यांनी सांगितलं असतं. ते नेमकं ते चिन्ह काढणार एवढ्यात मागच्या बाकावर कुणीतरी शेजाऱ्याला विचारलं, "ख्रू काय म्हणाले?"

प्रयोंग गर्रकन वळले. पाच मिनिटं विद्यापीठ, शिस्त आणि शब्दांचा मान यांवर बोलले. त्या पोराला फळ्यावर घाम फोडला. मग ऐटीत फळ्याकडे वळून त्यांनी राहिलेलं चिन्ह काढलं. अधिक.

पहिल्या बाकावर हात वर झाला. "ख्रू…" फाय म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

"काय म्हणालीस?"

"काही नाही, आचान."

"म्हणालीस. ये."

ती आली. कप्पीचं एक गणित दिलं, तिनं पटापट सोडवलं, बरोबर. प्रयोंगनी शाबासकी दिली आणि ती कशासाठी हात वर करत होती हे विचारायचं राहून गेलं. ती जागेवर जाऊन बसली आणि तिनं फळ्यावरचं सगळं उतरवून घेतलं, त्या चिन्हासकट.

त्यानंतर वर्ग असा शांत झाला की पंख्याची कुरकुर ऐकू यावी. ख्रू म्हणावं तर फळा, आणि आचान हा शब्द पोरांच्या जिभेवर बसेना. मग त्यांनी सोपा मार्ग काढला, हाकच मारायची नाही. आणि हाक मारायची नाही तर शंका कशी विचारणार? प्रयोंग तासाच्या शेवटी विचारायचे, "कळलं?" साठ तोंडं एका सुरात म्हणायची, "कळलं, जी." प्रयोंगना वाटलं, हेच ते. विद्यापीठात शिकवणं म्हणतात ते हेच.

वोराचेत जिन्यात भेटला तेव्हा ते फुशारकीनं म्हणाले, "दहा दिवस झाले, एक शंका नाही. काय बॅच आहे!"

वोराचेत थांबला. "एकही नाही, ख्रू?"

"एकही नाही."

"शाळेत आम्ही तुम्हाला धड जेवू देत नव्हतो. डब्याच्या वेळीसुद्धा वही घेऊन यायचो."

"शाळा वेगळी होती," प्रयोंग म्हणाले. आपल्याला हा अजून ख्रू म्हणतो हे त्यांना जिना उतरताना टोचत राहिलं.

गुरुवारी पहिली चाचणी झाली. शुक्रवारी वर्ग नसायचा, म्हणून सकाळी खांबांवर उभ्या घराखालच्या सावलीत, चिकटभाताची परडी शेजारी ठेवून, प्रयोंग पेपर तपासायला बसले. समोर लमाई रेशमाच्या अळ्यांना तुतीची पानं घालत होती. तिसरा प्रश्न चेंडूचाच होता, बाळबोध, पोरांना चार मार्क फुकट मिळावेत म्हणून घातलेला. पहिला पेपर: उत्तर उणे चार सेकंद. दुसरा: उणे चार. पंधरावा: उणे चार. उरलेले भराभर चाळले, सगळीकडे उणे चार. एका सभ्य पोरानं तर वाक्यात लिहिलं होतं, चेंडू फेकण्याच्या चार सेकंद आधी परत येतो.

"रेडे आहेत नुसते," प्रयोंग ओरडले. "ऐक हे. चेंडू फेकायच्या आधीच परत आला!"

लमाईनं पानं घालता घालता विचार केला. "मग फेकला कशापायी?"

"तेच म्हणतो मी!"

"साठ जणांनी तेच लिहिलंय?"

"साठच्या साठ."

"साठ पोरं एकाच वक्ताला एकसारखी येडी व्हत न्हाईत ओ," लमाई म्हणाली. "एकाचं बघून बाकीची व्हत्यात."

प्रयोंग उत्तर द्यायला निघाले होते, तेवढ्यात हातात फायचा पेपर आला. तिनं वर चार सेकंद काढलं होतं. स्वच्छ, पायरी पायरीनं, उणे चिन्हासकट, एक रेघ इकडची तिकडे नाही. मग ते सगळं पट्टी लावून खोडलं होतं आणि खाली उणे चार लिहिलं होतं. कडेला बारीक पेन्सिलीनं लिहिलं होतं, फळ्यावर अधिक होतं.

प्रयोंगनी पिशवीतून आपली टिपणांची वही काढली. वहीत उणे होतं. म्हणजे फळ्यावरच अधिक झालं होतं. मग त्यांना ती पाच मिनिटं आठवली, ते गर्रकन वळणं आठवलं, आणि पहिल्या बाकावरचा वर झालेला हातही आठवला. साठ पोरांच्या हातून त्यांनी पृथ्वी उलटी करून घेतली होती, आणि जिला ते दिसलं होतं तिला कप्पीचं गणित देऊन गप्प बसवलं होतं.

इथं एखाद्या थोर माणसानं लगेच उठून चूक कबूल केली असती. प्रयोंग उठले नाहीत. छत्तीस वर्षं पोरांच्या सबबी ऐकल्यामुळं त्यांच्याकडे सबबींचा चांगलाच साठा होता, आणि पुढचा तासभर त्यांनी एकेक सबब अंगाला लावून पाहिली. सोमवारी तिसरा प्रश्न गुपचूप रद्द करावा. किंवा चिन्हांचा पाठ नव्यानं घ्यावा, जणू काही आत्ताच सुचलंय. सगळ्यात चांगली सापडली ती अशी: मी मुद्दाम चुकलो, कोण पकडतं ते बघायला.

ही त्यांनी लमाईला मोठ्यानं म्हणून दाखवली.

"आन् कुणी पकडलं?" लमाईनं विचारलं.

"एका पोरीनं."

"मग तिला काय दिलं?"

तेवढ्यात वोराचेतचा फोन आला.

"ख्रू, तुमच्या वर्गातली फाय नाव काढून घ्यायचा अर्ज देऊन गेलीय. मी बाहेर होतो, कारकुनाकडे दिला. कारण काय लिहिलंय ऐका. माझी उत्तरं आचानांच्या उत्तरांशी जुळत नाहीत, मला इंजिनिअरिंग जमणार नाही. साडेबाराच्या गाडीनं गावी चाललीय म्हणे. सोमवारी मला सही करावी लागेल." पलीकडे कागद उलटल्याचा आवाज झाला. "प्रवेशाच्या यादीत ती तिसरी होती, ख्रू. वर्गात झालंय काय?"

"बघतो," प्रयोंग म्हणाले. त्यांनी फायचा पेपर खिशात घातला आणि मोटरसायकल काढली. नवी पँट घालायचं राहिलं, घरातल्या लुंगीवरच गेले.

बसस्थानकावर फाय बाकड्यावर बसली होती. पाठीला पिशवी, मांडीवर वसतिगृहात भात लावायचा छोटा विजेचा कुकर. आचान समोर लुंगीत उभे पाहून ती दचकून उठली आणि कुकर काखेत धरूनच तिनं हात जोडायचा प्रयत्न केला.

"कुठं निघालीस?" प्रयोंगनी विचारलं.

"घरी, जी."

"का?"

"काही नाही, जी."

प्रयोंगनी र घोळवून एक वाक्य सुरू केलं, विद्यार्थ्याच्या जीवनात अपयश हे, आणि पुढचा शब्द त्यांना सापडला नाही. ते बाकड्यावर बसले. खिशातून पेपर काढला आणि घरच्या बोलीवर आले.

"बस, पोरी. हे बघ. ह्यो वरचा चार बरोबर हाय."

ती बसली. पेपरकडे बघत राहिली. "पण फळ्यावर…"

"फळ्यावर चुकलं व्हतं."

"कुणी चुकवलं?"

तिनं हे खरोखर विचारलं होतं. आचान चुकतील हे तिच्या डोक्यात येतच नव्हतं, चुकवणारं दुसरंच कुणीतरी असेल असंच तिला वाटत होतं. प्रयोंगना वाटलं, हिनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मी," ते म्हणाले. "मीच चुकलो. तुझ्या ध्यानात आलं व्हतं, आन् मी तुला बोलूच दिलं न्हाई."

फायनं पेपरवरच्या खोडलेल्या ओळींवरून बोट फिरवलं. मग तीही घरच्या बोलीत बोलू लागली आणि बोलणं एकदम सुटलं. "मला वाटलं, हितं येगळं असंल. तुम्हीच म्हणाला पहिल्या दिवशी, हितं समदं येगळं हाय. शाळा न्हाई, ख्रू न्हाई. मग म्हटलं, शाळेत चेंडू खाली पडतो, विद्यापीठात पडत नसंल. साठ जणांना कळलंय, मला एकटीलाच कळत न्हाई. रोज रात्री खोलीत चेंडू वर टाकून बघायची मी."

"आन्?"

"खालीच यायचा."

प्रयोंग हसायला गेले. त्यांना ठसका लागला. फायनं पाण्याची बाटली पुढं केली.

"सोमवारी वर्गात सांगणार का हे?" तिनं विचारलं.

"सांगणार."

"समद्यांसमोर?"

"समद्यांसमोर." एवढं बोलल्यावर काम झालं असं त्यांना वाटलं. पण ती काही उठेना. स्थानकाच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"आज चेंडू व्हता, तो मला घरी टाकून बघता आला," फाय म्हणाली. "पुढं टाकून बघता येणार न्हाई असलं काही असंल. तवा विचारायचं कुणाला? मला विचारता येत न्हाई, आचान. तोंडच उघडत न्हाई. रिटायर करत्याल ते मला. त्यापेक्षा मीच जाते."

तेव्हा प्रयोंगनी ती गोष्ट सांगितली जी त्यांनी बेचाळीस वर्षांत कुणालाही सांगितली नव्हती. रेडा ठणठणीत होता. पुढं अकरा वर्षं जगला. बँकॉकला तिसऱ्या आठवड्यात फळ्यावर काहीतरी आलं जे त्यांना कळलं नाही. आचानांच्या दारापर्यंत ते दोनदा गेले, दोन्ही वेळा दार न वाजवता परत आले. त्यानंतरचं काहीच कळेना, कारण सगळं त्याच्यावरच उभं होतं. मग वडिलांचा रेडा आजारी पडला. (हे नंतर घरी सांगितलं तेव्हा लमाई म्हणाली, "ठावं हाय मला. लग्नात त्याच रेड्याच्या गाडीतून आले मी. घोड्यावानी पळत व्हता.")

"काय आलं व्हतं फळ्यावर?" फायनं विचारलं.

"कॅलक्युलसमधलं डीवाय बाय डीएक्स. शाळेत शिकवत्यात का न्हाई, की ह्यो अपूर्णांक न्हाई, ह्याचे तुकडे करायचे न्हाईत? आन् तिथं त्या आचानांनी सरळ डीवाय ह्या बाजूला ठेवला, डीएक्स उचलून त्या बाजूला न्हेला. भाकरी मोडल्यावानी."

फायनं पिशवीतून वही काढली. मागच्या पानांवर शंका लिहिल्या होत्या, आकडे घालून, एकेचाळीस. तिनं तेविसाव्यावर बोट ठेवलं. तीच शंका होती, विद्यापीठानं दिलेल्या पुस्तकातलं पान नोंदवून.

"मग ह्याचं उत्तर काय?" ती म्हणाली.

प्रयोंगनी वहीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, समोर उभ्या गाडीकडे बघितलं. "मला ठावं न्हाई," ते म्हणाले.

"छत्तीस वर्षं शिकवलंत ना?"

"पोरांनी विचारलं की म्हणायचो, अभ्यासक्रमात न्हाई."

फाय पहिल्यांदा हसली. ड्रायव्हरनं हाक मारली, "ए पोरी, बसतीस का?" ती उभी राहिली. कुकर उचलला.

"कुणाला ठावं असंल?"

"वोराचेतला असंल."

"मग विचारा की त्यांना."

"त्याला?" प्रयोंगचा आवाज चढला. "तो माझा विद्यार्थी हाय. बेडकाचं वजन करत व्हता."

"म्हंजी तुम्हाला बी विचारता येत न्हाई," फाय शांतपणे म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्यामुळं ते जास्तच लागलं. "आन् मला थांब म्हणायला आलाय."

गाडीचं दार लागलं. फाय चढली नव्हती. "पुढची तीनला हाय," ती म्हणाली. "तीनच्या गाडीनं जाईन मी."

मोटरसायकलवर मागं फाय, दोघांच्या मध्ये कुकर, पुढं लुंगी सावरत प्रयोंग, अशी वरात विद्यापीठात शिरली. वोराचेत जेवायला गेलेला होता. दोघं दुसऱ्या मजल्यावर बाकावर बसून राहिले. दोन वाजता तो मागच्या जिन्यानं येऊन खोलीत गेला, दार लागलं. प्रयोंग उठून दाराशी गेले आणि त्यांनी हात वर केला.

हात वर तसाच राहिला. आत्ताच जेवून आलाय, त्याला जरा टेकू द्यावं. फोनवर असेल. लुंगीत आलोय, हे बरं दिसत नाही. सोमवारी येऊ. दाराच्या पट्टीवर वोराचेतचं नाव होतं आणि नावाच्या आधी तो शब्द होता. साठ वर्षांचा माणूस अठरा वर्षांच्या पोरासारखा दारात अडकून उभा होता आणि याची त्यांना मनापासून लाज वाटत होती. त्यांनी मागं वळून पाहिलं. फाय बाकावर बसून त्यांच्याकडे बघत होती, आणि ते वाजवणार नाहीत याची तिला खात्री असल्याचं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

प्रयोंगनी दार वाजवलं.

"ख्रू, या, या," वोराचेत उठून म्हणाला. मग त्याला मागं फाय दिसली, कुकर दिसला, लुंगी दिसली, आणि त्यानं एक खुर्ची पुढं ओढली.

"आचान," प्रयोंग म्हणाले. वोराचेत चपापला. त्याला ते कधी असं म्हणाले नव्हते. "मला एक गोष्ट कळलेली नाही. विचारायला आलोय."

त्यांनी फायची वही टेबलावर ठेवली आणि तेविसाव्यावर बोट ठेवलं. वोराचेतनं वाचलं. तो हसला नाही, हे प्रयोंग आजवर विसरलेले नाहीत. "हे कधीपासून, ख्रू?" त्यानं एवढंच विचारलं.

"बेचाळीस वर्षं झाली."

वोराचेतनं भिंतीवरचा फळा पुसला. खडू घेतला. तो मुळापासून सुरू झाला, बारीक बारीक बदलांपासून, मग त्यानं दाखवलं की ते तुकडे करणं म्हणजे खरे तुकडे नाहीतच, एका लांबलचक पायरीची ती लघुलिपी आहे, इंजिनिअर लोक आळशी असतात म्हणून मधलं लिहीत नाहीत. फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. प्रयोंग मान डोलावत होते. अर्धं कळत होतं. उरलेल्या अर्ध्यात ते एवढ्यानंच सुखावले होते की आपण विचारलं, दार वाजवलं, आता मेलो तरी चालेल. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते. फाय दाराशीच उभी होती, पाठीला पिशवी, काखेत कुकर.

वोराचेतनं खडू खाली ठेवला आणि हात झटकले. "कळलं?"

"कळलं, जी," प्रयोंगच्या तोंडून निघूनही गेलं.

मागं कुकर फरशीवर ठेवल्याचा आवाज झाला. फाय पुढं आली.

"मला नाही कळलं," ती म्हणाली. "तिसऱ्या ओळीपासून पुन्हा सांगता?"